फौजदारीणबाई काय ऐकतात

९ सप्टेंबर

आज पुन्हा माझं नाव घेतलं. सासूबाई भाजी निवडता निवडता बहिणीशी फोनवर बोलत होत्या. खुसफुस, खुसफुस, मग "दुला", मग हसणं, मग पुन्हा खुसफुस. आणि मी तिथेच, ओट्याशी भांडी विसळत उभी! ह्या घरात माझ्याबद्दल बोलायला कुणाला दार लावून घ्यावं लागत नाही. माझ्यासमोर बोललं की झालं.

संध्याकाळी चेनग्वांगला विचारलं, तुझी आई काय म्हणत होती? नवरोबांनी मोबाईलमधून डोकं न काढता सांगितलं, "काही नाही गं, मावशीचा गुडघा दुखतोय." मावशीच्या गुडघ्यात माझं नाव कुठून आलं?

ठरवलं. चिनी शिकायचं. बाजारातलं येतंच मला – मीटर, रंग, "हा तागा डागाळलाय, परत घ्या", "एवढा भाव नाही परवडत". शाओशिंगच्या कापडबाजारात माल तपासायच्या नोकरीला तेवढं पुरलं, आणि नवऱ्याशी पहिल्यापासून इंग्रजी. आता खरं, घरातलं चिनी शिकायचं. आणि कुणाला सांगायचं नाही! त्यांना वाटू दे, ही आपली बहिरीच आहे.

११ सप्टेंबर

पॉडकास्ट सापडला. नाव "सावकाश चिनी". तांग मास्तर म्हणून एक आहेत आणि शाओची नावाची बाई. मास्तर वाक्य म्हणतात, बाई हसते. प्रत्येक वाक्याला हसते. "हॉटेल कुठे आहे?" – ही ही ही. हसण्यासारखं काय आहे त्यात?

धड्यांमधला परदेशी माणूस दोनच कामं करतो. डंपलिंग मागवतो, नाहीतर टॅक्सी करून विमानतळावर जातो. म्हणजे इथे यायचं, खायचं आणि निघायचं. राहणाऱ्यांसाठी धडा कुठाय?

इअरफोन केसांखाली जातात. कुणाला दिसत नाहीत. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, लेकीला, रेवाला झोपवताना – चालूच.

१६ सप्टेंबर

फौजदारीणबाईंनी आज माझा फ्रीज तपासला. दही हुंगून बघितलं आणि मागे सारलं.

हे नाव बाळंतपणात पडलं. रेवा झाली तेव्हा त्या गावाहून आल्या, त्या गेल्याच नाहीत. महिनाभर मला पलंगावरून उतरू दिलं नाही. केस धुवायचे नाहीत, खिडकी उघडायची नाही, गार पाण्यात बोट घालायचं नाही. रोज डुकराच्या पायाचं सूप. मी रडत ताईला इचलकरंजीला फोन केला, "अगं, घरात फौजदारीण आलीया!" तेव्हापासून त्या फौजदारीणबाई. ताई फोन उचलला की आधी हेच विचारते, काय म्हणतीय तुमची फौजदारीण? मी सांगते, सगळं सांगते, त्यांच्या नाकासमोर उभी राहून, हसत हसत. चेहरा जरासा गोड ठेवला की झालं. मराठीचा ह्या घरात एवढा एकच फायदा आहे मला.

२४ सप्टेंबर

टीव्हीवरच्या बातम्यांत आज "शाळा", "पुढच्या महिन्यात" आणि "आईवडील" एवढं कळलं. घरात – शून्य.

४ ऑक्टोबर

सुट्टीत चेनग्वांगचा चुलतभाऊ आला होता. तो वकील, बायको बँकेत. त्यांची मुलगी गावी, आजीआजोबांकडे. वर्षातून दोनदा भेट. ह्या वेळी पोरीला इकडे आणली होती. आईनं दोन्ही हात पुढे केले तर पोरगी आजीच्या मागे जाऊन लपली. सगळे हसले. आईही हसली. मी मात्र रेवाला मांडीवर ओढून घेतलं.

आणि मग चेनग्वांग, खेकडा फोडता फोडता, जणू मीठ मागतोय अशा सुरात म्हणाला, "रुईरुईलाही मार्चपासून गावी ठेवू म्हणतो. आई नेईल. तू परत कामाला लाग. दोनचार वर्षांचा तर प्रश्न आहे. इथे सगळेच तसं करतात. मी नाही का तसाच वाढलो?"

मी म्हटलं, "नाही."

तो म्हणाला, "बघू."

रुईरुई म्हणजे माझी रेवा. तीन वर्षांची पण नाही अजून. डोळा लागेपर्यंत माझ्या केसांत बोटं घालून बसते. आणि "बघू" म्हणे! मी सासूबाईंकडे बघितलं. त्या खाली मान घालून रेवासाठी खेकड्याचं मांस वेगळं काढत होत्या. सगळं आधीच ठरलेलं असणार. ती मावशी, तो गुडघा, ते माझं नाव – सगळ्याचा आता अर्थ लागला. गावी खोली साफ करून घेताहेत! माझ्यासमोर, माझ्याच स्वयंपाकघरात उभं राहून माझं मूल न्यायचं ठरवत होत्या आणि मी मुकाट भांडी विसळत होते.

१५ ऑक्टोबर

आज बँकेत रांगेत उभी होते. पुढच्या दोन बायका सुनेबद्दल बोलत होत्या आणि मला कळत होतं! सून उशिरा उठते, सून कुत्र्याला सोफ्यावर झोपवते. मी त्या कुत्र्यासकट सगळं समजून घेतलं. अंगावर काटाच आला. तांग मास्तर, तुमच्या तोंडात साखर पडो!

घरी आले. कान टवकारून बसले. फौजदारीणबाई मुलाशी अर्धा तास बोलल्या. मला त्यातला एक शब्द लागेल तर शपथ.

म्हणजे मुद्दाम करतात. मी आले की पटापट बोलतात.

१९ ऑक्टोबर

जळ्ळं माझं नशीब!!

गेटवर गंगकाका बसलेले असतात. वॉचमन. सूर्यफुलाच्या बिया फोडत असतात. आज कुरिअर घ्यायला गेले तेव्हा धीर करून मास्तरांच्या चिनीत दोनचार वाक्यं बोलले त्यांच्याशी. ते खूश! "अरे वा, ताई, तुम्ही तर आमच्यासारखं बोलायला लागलात!" मग मी विचारलं, सासूबाईंचं बोलणं एवढं अवघड का हो वाटतं?

ते असे हसले, की बिया सांडल्या. "अहो, ते मला तरी कुठे कळतंय? मी आन्हुइ प्रांतातला माणूस. तुमच्या सासूबाई शिन्छांगच्या डोंगरातलं बोलतात. टीव्हीवरचं वेगळं, ह्यांचं वेगळं. इतकी वर्षं झाली मला ह्या गेटावर. त्या येऊन काहीतरी सांगतात, मी आपलं हो म्हणतो. मागे एकदा असंच हो म्हटलं तर हातात ओला मासा ठेवून गेल्या. वाळवून दिला, काय करता!"

म्हणजे एवढे दिवस मी भलत्याच घराचं कुलूप उघडत बसले होते. मास्तरांचं चिनी बँकेचं, बातम्यांचं, वॉचमनचं. माझ्या घरचं नाहीच!

चेनग्वांगला आडून विचारलं. तो म्हणाला, "घरची बोली आहे ती. आईला टीव्हीवरचं समजतं, पण बोलता नाही येत. शाळेत कुठे गेलीय ती? पण तुला कशाला हवंय?"

कशाला हवंय! ह्याला म्हणतात चोराच्या मनात चांदणं... असू दे. डोंगरातल्या बोलीचा पॉडकास्ट कोण काढणार? कुणी काढला नाही. शोधला मी.

२० ऑक्टोबर

तरी मास्तरांना सोडायचं नाही. चेनग्वांग चुलतभावाशी बोलतो ते मास्तरांच्या चिनीत. वकिलाची बायको दुसऱ्या प्रांतातली, म्हणून त्यांच्या घरी तेच चालतं. तिथे पकडीन.

२ नोव्हेंबर

नवीनच प्रकार. फौजदारीणबाईंकडे एक लाल डबा आहे, गाण्याचा. म्हाताऱ्या माणसांकडे असतो तसला – त्यात नाटकातली गाणी भरून मिळतात. रोज सकाळी तो मोठ्यानं लावायच्या आणि बागेतल्या बायकांबरोबर हात हलवत व्यायाम करायच्या. मी वैतागायचे. हल्ली डब्याचा आवाज बंद. वायर लावून एका कानात घालतात! आणि ओठ हलतात.

आज बाल्कनीत बदकं वाळत घालत होत्या, सोया सॉसमध्ये बुडवलेली. दोरीला एकेक अडकवायचं आणि काहीतरी पुटपुटायचं. मी पडद्यामागे उभी राहून ऐकलं. गाणं नव्हे. गाण्याला चाल असते. हे नुसतं तुटक तुटक, एकच गोष्ट चारचारदा. मला बघितलं आणि झटकन डब्याचं बटण दाबलं.

लपवायचं काय आहे त्यात? मी इअरफोन लपवते, पण मला कारण आहे!

९ नोव्हेंबर

रेवाला त्या वाळवलेल्या मोहरीच्या पानांचा भात भरवत होत्या. रेवा म्हणाली, "नको, तिखट आहे." मराठीत. माझ्याशी मराठीतच बोलते ती. आणि फौजदारीणबाईंनी त्यातली मिरची शोधून काढली.

कसं कळलं?

तोंड वाकडं केलं असेल पोरीनं, त्यावरून. दुसरं काय!

१४ नोव्हेंबर

ऐकलं. सगळं ऐकलं. शब्दन् शब्द.

दुपारी चेनग्वांग चुलतभावाशी फोनवर बोलत होता. मी शेजारी रेवाच्या कपड्यांच्या घड्या घालत बसलेले. त्याला काय, मी म्हणजे कपाट. तो म्हणाला – "मार्चमध्ये आई घेऊन जाईल. गावच्या बालवाडीत नाव घातलंय. हो, पैसे भरले. बायकोला? सांगतो सावकाश. आधी चिडेल, मग सवय होईल. आईचंच जरा अडलंय, पण ती काय, मी सांगेन तसं करेल."

मास्तरांनी शिकवलेल्या प्रत्येक शब्दाचं सोनं झालं आणि मला ते सोनं नको झालं. मोजे जोडीजोडीनं लावत होते, ते सगळे चुकले.

नाव घातलंय! पैसे भरलेत! मला विचारलं सुद्धा नाही. मी भांडले का नाही? भांडले असते तर कळलं असतं की मला कळतंय. मग ते दुसऱ्या खोलीत जाऊन बोलले असते. आणि ती बालवाडी तिथेच राहिली असती.

आईचं अडलंय म्हणे. काय अडणार? जास्त पैसे हवे असतील, नाहीतर खोली अजून रंगवून झाली नसेल.

१५ नोव्हेंबर

ताईला फोन केला. स्वयंपाकघरातूनच. सांगितलं, "ताई, मी येतीय. तुझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीचं निमित्त करून येतीय, पण खरं सांगू, कायमची येतीय. रेवाला घेऊन. परत यायची नाही. इथं माझं लेकरू काढून घ्यायला बसलीत सगळी."

ताई म्हणाली, "नवऱ्याशी एकदा नीट बोल की गं." मी म्हटलं, "काय बोलू? पैसे भरलेत त्यानं. आणि ही फौजदारीण बसलीया सुरी घेऊन, हिचाच सगळा डाव." ताई म्हणाली, "ये बाई, घर तुझंच हाय."

फौजदारीणबाई मागे मुळे चिरत होत्या. चिरता चिरता सुरी थांबली. मला वाटलं बोट कापलं. वळून बघितलं तर नुसत्याच उभ्या, मुळा धरून. मी हसले. त्या हसल्या नाहीत. मग परत चिरायला लागल्या, एकदम बारीक. सूपासाठी एवढं बारीक कोण चिरतं?

२६ नोव्हेंबर

"सावकाश चिनी"चा आजचा धडा: घरमालक आणि भाडेकरू. भाडेकरू मालकाचं बोलणं चोरून टेप करतो. "हा पुरावा आहे, कोर्टात दाखवीन." शाओची – ही ही ही. पुरावा हा शब्द चारदा म्हणून घेतला मास्तरांनी. मीही म्हटला.

३० नोव्हेंबर

दार लावून लिहितेय.

फौजदारीणबाई बाजारात गेल्या होत्या. डबा चार्जिंगला लावून विसरल्या. मी उचलला. कानात घातला. म्हटलं बघू तरी, कसली एवढी गाणी आहेत.

माझा आवाज!

"जेव की गं बाई. तिखट नाही. हात नको लावू, भाजंल. हळू, पडशील. ये, लवकर ये, चिऊ वाट बघतीय बघ." मी, रेवाला भरवताना. मग पुन्हा तेच. मग अंघोळीच्या वेळचं. मग – ताईशी फोनवर मी! "आमच्या फौजदारीणीनं आज काय केलं माहितीय?" एकामागून एक, किती तरी. बटण दाबत गेले आणि माझाच आवाज निघत गेला. नाटकातलं गाणं एकही उरलं नव्हतं. सगळी पुसून त्यावर मला भरलंय.

मला चोरून टेप करतात! माझ्या घरात, माझ्या स्वयंपाकघरात! आणि कशाला, ते सांगायला नको. वकील घरातलाच आहे. कुणाकडून तरी भाषांतर करून घेतील. आई ओरडते, आई शिव्या देते, आई पळवून न्यायचं बोलते – हा पुरावा, ठेवा कोर्टापुढे. सूप काय, खेकडा सोलून देणं काय! किती थंड डोक्याची बाई!

पुसून टाकावं म्हटलं. पण पुसलं तर कळेल. होता तसा ठेवला. वायरसुद्धा तशीच गुंडाळली.

ह्या बाईची मला आज भीती वाटली. आधी राग यायचा, आज भीती.

२ डिसेंबर

घरात मराठी बंद. ताईशी बोलायचं तर खाली गंगकाकांच्या गेटाबाहेर जाऊन. रेवाशीही इंग्रजी. पोरगी गोंधळून बघते, "आई, चिऊ म्हण ना." नाही म्हटलं.

फौजदारीणबाई दिवसभर माझ्या मागे मागे. मी हॉलमध्ये, त्या हॉलमध्ये. मी ओट्याशी, त्या ओट्याशी. डबा हातात. अडलंय का आता? मिळेना का पुरावा? दुपारी रेवाला माझ्यासमोर आणून बसवलं, ताट पुढे ठेवलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. जणू मी गाणंच म्हणणार आहे. मी मुकाट भरवलं. त्या उठून गेल्या. चेहरा एवढासा झाला होता. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

५ डिसेंबर

चेनग्वांगनं जायला परवानगी दिली! परवानगी! "जाऊन ये. बहिणीचं नवं घर आहे. पण इकडच्या, चिनी नवीन वर्षाआधी परत हं, गावी सगळे जमतात." मी म्हटलं, "हो तर." तिकिटं काढली. परतीची पण काढली – दाखवायला. ती त्यानं नीट तपासली आणि समाधानानं मान हलवली.

तो माझ्या निघण्याच्या आदल्या संध्याकाळी कामासाठी ग्वांगचौला जाणार आहे. मी दुसऱ्या दिवशी सकाळी. बरं झालं, दारात तोंड बघायला नको.

वाईट वाटलं का? वाटलं. माणूस वाईट नाही तो. आजारी पडले तर रजा काढतो. माझा चहा आल्याचा करून देतो, त्याच्या नाकाला तो वास सहन होत नाही तरी. पण तो आजीकडे वाढला आणि त्याला त्यात काही चुकलेलं दिसतच नाही. आईला तो अजून "तुम्ही" म्हटल्यासारखा बोलतो, पाहुण्यासारखा. त्याला कळतही नाही की मला हे दिसतं.

१० डिसेंबर

बॅग हळूहळू भरतेय. रेवाचं सशाचं खेळणं घेतलं. उन्हाळ्याचे कपडे घेतले – ते खाली, तळाला. वास्तुशांतीला जाणारी बाई डिसेंबरात उन्हाळ्याचे कपडे कशाला नेते, असं कुणी विचारलं तर? इचलकरंजीत थंडी नसते म्हणेन.

सासूबाईंनी एक विणलेला स्वेटर आणून बॅगेवर ठेवला. रेवाला दोन वर्षांनी होईल एवढा. मग दुसरा आणला. त्याहून मोठा. मी दोन्ही परत त्यांच्या पलंगावर ठेवून आले.

सकाळी ते पुन्हा बॅगेवर होते.

१३ डिसेंबर

रेवाचा पासपोर्ट नाही!!

माझा आहे. तिचा नाही. दोन्ही एकत्र होते, निळ्या पाकिटात, माझ्या ड्रॉवरमध्ये. परवा होता. आज नाही.

कुणाला विचारू? चेनग्वांगला विचारलं तर तो म्हणेल, घाई काय, पुढच्या आठवड्यात जा. पुढच्या आठवड्याचा मार्च होईल. फौजदारीणबाईंना विचारायचं तर कुठल्या भाषेत? आणि विचारलं तर काय उत्तर येणार, ते मला माहीत आहे.

सगळी कपाटं उपसली. त्या सोफ्यावर बसून माझ्याकडे बघत होत्या. हातात डबा. कानात वायर. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि मराठीत म्हटलं – राहवलंच नाही – "कुठं लपवलाय? सांगा! माझं लेकरू आहे ते!" मोठ्यानं. रेवा दचकली आणि रडायला लागली. सासूबाईंनी तिला उचललं. माझ्याकडे दिलं. कडेवर ठेवलं आणि आत गेल्या.

घ्या, हेही टेप झालं असेल.

१४ डिसेंबर

पहिल्यापासून माझा संशय खरा होता. त्यात काही आनंद नाही.

१५ डिसेंबर

चेनग्वांग गेला ग्वांगचौला. दारात रेवाचा पापा घेतला. "सांभाळून जा, तिथलं ते शेंगदाण्याचं काहीतरी आण." शेंगदाण्याची चटणी. ती त्याला आवडते. मी हो म्हटलं.

पासपोर्ट नाही. त्यांच्या खोलीत शिरून पलंगाखाली बघितलं, उशीखाली बघितलं, गादी उचलली. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. अडवलं नाही. मी त्यांची खोली विसकटून टाकली आणि तशीच टाकून आले. थोड्या वेळानं गादी सारखी करायचा आवाज आला.

उद्या सकाळी टॅक्सी येणार. ती रद्द करायला लागणार. ताईला अजून सांगितलेलं नाही.

१६ डिसेंबर, विमानतळ

टॅक्सी रद्द करायला फोन हातात घेतला होता. सासूबाई आल्या. पासपोर्ट टेबलावर ठेवला. बॉडीसच्या आत ठेवला होता वाटतं, गरम होता – मी कायमची जाऊ नये म्हणून लपवला असेल. मग माझ्याकडे न बघता रेवाची टोपी बांधायला लागल्या आणि बोलल्या. मराठीत. माझ्या आवाजात, माझ्या इचलकरंजीच्या हेलात, रेवाशी मी बोलते तसं.

"गाव नको. रेवाला आई पाहिजे."

मी फोन खाली ठेवला. त्यांनी दोन्ही स्वेटर बॅगेत कोंबले, बॅग स्वतः खाली आणली, रेवाला टॅक्सीत बसवलं.

"जा. हळू, पडशील," मला म्हणाल्या. "लवकर ये की गं. फौजदारीण वाट बघतीय."

परतीच्या तिकिटावरची तारीख मी मघापासून पुन्हा पुन्हा बघतेय.